सांभाळून घेणारी आज्ञावली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कुंभकोणम् येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तंजावरचे मराठी राजे, सरस्वती महाल ग्रंथालय, दक्षिणेतील मराठी कीर्तन असे भारदस्त विषय ह्या मालेत योजिलेले असता माझ्या वाट्याला संगणकाच्या यंत्रभागातील दोषांचा विषय यावा, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. मी अभियंता नव्हे. कलाशाखेचा साधा पदवीधर असून केंद्र सरकारच्या नोकरीत माझे उभे आयुष्य गेले. परंतु आज सरकारी कचेरीत डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटाचा ठसा घेणारे यंत्र, स्कॅनर, छपाईयंत्र ही सारी एकाच चपट्या खाचेत जोडली जातात. आणि दिवसातून एकदा तरी कोणीतरी येऊन सांगतो, ‘‘साहेब, मशीन ओळखत नाही.’’ कोण कोणाला ओळखत नाही, आणि दोष ओळख न देणाऱ्याचा की न घेणाऱ्याचा, हे समजून घेण्याची मला काही वर्षांपासून गोडी लागली. त्यातून जे हाती आले तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

ही खाच म्हणजे यूएसबी. १९९४ साली सात कंपन्यांनी एकत्र येऊन तिचे काम आरंभिले आणि जानेवारी १९९६ मध्ये तिचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी कळफलकाला एक खाच, माऊसला दुसरी, छपाईयंत्राला तिसरी असा प्रकार असे. ह्या कार्यात इंटेल कंपनीतील ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते श्री. अजय भट्ट बडोद्याचे; तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ते पदवीधर. बडोद्याचे नाव निघाल्यावर कुंभकोणमच्या मराठी माणसाला एक आठवण झाल्यावाचून राहात नाही. १८२८ साली ह्याच गावी जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर व इंदूर येथील दिवाणगिरीनंतर १८७५ ते १८८२ पर्यंत बडोद्याचे दिवाण होते, आणि त्यांच्याच कारकीर्दीत, १८८१ साली, बडोदे कॉलेज सुरू झाले. तेच पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या सयाजीराव विद्यापीठाचा भाग बनले. भट्टांच्या संशोधनाचे श्रेय माधवरावांना देण्याइतका मी भाबडा नाही. पण आपल्या गावच्या माणसाने ज्या बागेला पाणी घातले तिथलेच एक झाड पुढे जगभर गेले, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आता मुख्य विषय. यूएसबीच्या मूळ रचनेत जोडलेल्या साधनाला आपण होऊन बोलण्याची मुभाच नाही. संगणकात ‘होस्ट कंट्रोलर’ नावाची एक चिप असते. जुन्या शाळेतील पंतोजी जसा प्रत्येक मुलाला नावाने उठवून विचारी, तशी ही चिप सेकंदाच्या हजाराव्या भागाचे एकेक पर्व कल्पून त्यात प्रत्येकाला विचारीत जाते : कळफलका, एखादी कळ दाबली गेली का? स्कॅनरा, तुझ्याजवळ काही तयार आहे का? विचारले तरच उत्तर. पंतोजीने कोणाला, कोणत्या क्रमाने, किती वेळा विचारावे ह्याची यादी मात्र पंतोजी करीत नाही. ती करते ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली. ती संगणकाच्या स्मृतीत कामांची यादी मांडून ठेवते. कंट्रोलर ती स्वतः वाचतो, काम उरकतो, निकाल त्याच यादीवर नोंदवतो आणि ‘झाले’ अशी खूण करून प्रमुख प्रक्रियकाचे लक्ष वेधून घेतो. यादी कशी लिहावी, निकाल कसा नोंदवावा, खूण कशी करावी, हे सारे प्रमाणग्रंथात शब्दशः ठरलेले असते. पहिल्या काळात असे दोन परस्परभिन्न ग्रंथ होते, यूएचसीआय आणि ओएचसीआय. वेगवान दुसऱ्या यूएसबीसाठी ईएचसीआय आला. आणि तिसऱ्या यूएसबीबरोबर आलेला एक्सएचसीआय आज सर्वत्र चालतो.

दोष उद्भवतो तो ग्रंथात लिहिले एक आणि चिपमध्ये उतरले दुसरे, ह्यामुळे. आपणांपैकी बहुतेकांनी स्वामीमलैच्या स्थपतींचे काम पाहिले असेल. मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप, मग तापवून मेण काढून टाकणे आणि त्या पोकळीत पंचधातूचा रस ओतणे. साचा फोडल्यावर आत जे निघेल ते निघेल. मेण हातात असताना बोट वळवून दुरुस्त करता येते. धातू ओतल्यावर नाही. चिपचेही तसेच आहे. आराखडा एकदा सिलिकॉनमध्ये उतरला की त्यातली चूक खोडरबराने पुसता येत नाही. सुधारलेली आवृत्ती, जिला त्या व्यवसायात ‘स्टेपिंग’ म्हणतात, काढण्यास महिनोन्‌महिने आणि अफाट पैसा लागतो, आणि तोवर सदोष चिपा देशोदेशींच्या घरांत जाऊन बसलेल्या असतात. त्यामुळे निर्माते आपल्या चिपमधील ज्ञात दोषांची शुद्धिपत्रे काढतात आणि त्यांतील कित्येक नोंदींपुढे ‘दुरुस्ती होणार नाही’ असा शेरा असतो. सरकारी नोकराला हा शेरा वाचून परका वाटत नाही. उरतो उपाय एकच : धातू बदलता येत नाही, तर आज्ञावली बदला.

ह्या उपायाचे सर्वांत गाजलेले उदाहरण यूएसबीचे नाही, प्रमुख प्रक्रियकाचे आहे. पण ते मी गाळू शकत नाही. ज्या गावात सारंगपाणी सन्निधी मार्गावरील घरात श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले, त्या गावात अंकांच्या गमती सांगण्याचा मोह कोणाला आवरेल? १९९४ साली अमेरिकेतील थॉमस नाइसली नामक गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करीत होते. दोहोंचे अंतर असणाऱ्या मूळ संख्या म्हणजे जुळ्या, जशा ११ आणि १३. बेरीज जमेना. सारे तपासून झाल्यावर त्यांना आढळले की आज्ञावली निर्दोष आहे आणि इंटेलचा नवा पेन्टियम प्रक्रियकच भागाकार चुकीचा करीत आहे. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८ च्या पुढे यावयास हवे, ते १.३३३७ च्या पुढे येई. भागाकारासाठी चिपमध्ये एक कोष्टक कोरलेले होते आणि त्यातील पाच नोंदी कोरावयाच्या राहून गेल्या होत्या. बस्स, पाच.

ह्यावर जी युक्ती निघाली तिचे सौंदर्य शाळकरी मुलालाही कळेल. भाज्य आणि भाजक दोहोंना एकाच संख्येने गुणले तर भागाकार बदलत नाही. म्हणून आज्ञावलीने भागाकारापूर्वी भाजकाचे पहिले अंक पाहावयाचे. ते त्या पाच रिकाम्या घरांकडे नेणारे असले तर दोन्ही संख्यांना पंधरा षोडशांशाने गुणावयाचे, आणि मग भागावयाचे. भाजक जागचा सरकतो, रिकाम्या घराशी जातच नाही, आणि उत्तर बिनचूक येते. रस्त्यात खड्डा असल्याचे ठाऊक असलेला सायकलस्वार हॅंडल किंचित वळवून पुढे जातो, तसे. भाषांतरक आज्ञावल्यांत ही युक्ती घातली गेली. कंपनीने आधी ज्यांना खरोखरच गरज आहे त्यांनाच प्रक्रियक बदलून देऊ असे धोरण धरले होते; लोकक्षोभ झाल्यावर डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला बदलून देण्याचे कबूल केले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरांचा बोजा सोसला.

यूएसबीच्या जगात असा क्षोभ होत नाही. तेथे चिपा स्वस्त, बनवणारे अनेक, आणि दोष बारीक. लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली असल्याने तिच्या ड्रायव्हरांचा मजकूर कोणालाही वाचता येतो, आणि त्यात ठिकठिकाणी अशा दोषांच्या नोंदी आढळतात. तिकडे त्यांना ‘क्वर्क’ म्हणतात. आपल्याकडे ‘खोड’ हा शब्द त्यासाठी जणू घडवूनच ठेवला आहे. घोड्याची खोड, बैलाची खोड, तशी चिपची खोड. प्रत्येक चिप आणि प्रत्येक साधन जोडले जाताच आपला निर्मात्याचा क्रमांक आणि नमुन्याचा क्रमांक सांगते. ड्रायव्हर त्या क्रमांकांवरून यादीत पाहतो, आणि नाव सापडले तर त्या चिपशी त्या खोडीला अनुसरून वागतो.

दोन-तीन खोडी सांगतो. फ्रेस्को लॉजिक कंपनीचा एक एक्सएचसीआय कंट्रोलर ‘झाले’ अशी खूण नव्या संदेशपद्धतीने करता येते असे स्वतःच्या माहितीपत्रकात नमूद करतो. आणि तसे त्याला येत नाही. नोकरीच्या अर्जात टंकलेखन येते म्हणून लिहावे आणि नेमणुकीनंतर टंकयंत्रासमोर बसून राहावे, तशातला प्रकार. काम पूर्ण होते, पण झाल्याचे कळत नाही, म्हणून संगणक वाट पाहात राहतो. ड्रायव्हरमधील नोंद सांगते की ह्या चिपच्या कोणत्याही आवृत्तीत ती सोय नाही, सबब तिच्या दाव्यावर विश्वास न ठेवता जुनीच खुणेची पद्धत वापरावी.

दुसरी खोड ऐकून आपणांस हसू येईल. २०१२ साली आलेल्या इंटेलच्या पॅन्थर पॉइंट चिपसंचावर बसवलेले काही डेस्कटॉप संगणक बंद केले तरी काही सेकंदांनी आपोआप पुन्हा चालू होत! ह्या चिपसंचात जुना आणि नवा असे दोन्ही यूएसबी कंट्रोलर असून खाचा एकाकडून दुसऱ्याकडे वळवता येत. उपाय असा निघाला की संगणक बंद होण्यापूर्वी ड्रायव्हरने सर्व खाचा नव्याकडून काढून जुन्याच्या स्वाधीन कराव्यात. निजण्यापूर्वी किल्ल्या थोरल्या काकांकडे देऊन ठेवाव्यात तसे. मात्र येथे एक अडचण आली. दोष मोजक्या पाट्यांत होता. पण विक्रेते त्याच पाट्या वेगवेगळ्या नावांनी विकतात, तेव्हा नावावरून सदोष कोणती आणि निर्दोष कोणती हे ओळखणार कसे? अखेर त्या चिपसंचाच्या सर्वच संगणकांना ही वागणूक लागू करण्यात आली. थोड्यांच्या दोषापायी सर्वांवर नियम. हे कचेरीत नवे नाही.

तिसरी खोड एएमडीच्या काही चिपसंचांची. वीज वाचावी म्हणून आतला एक दुवा रिकामपणी डुलकी घेई. एरवी ते स्तुत्यच. पण गाणे किंवा कॅमेऱ्याचे चित्र अखंड धारेने वाहात असताना दोन थेंबांमधल्या क्षणातही तो डुलकी घेऊ लागला, आणि आवाज अडखळू लागला. गायकाला दोष द्यावा, ध्वनिवर्धक बदलावा, तार बदलावी. पण दोष होता तंबोरा धरून पेंगणाऱ्याचा. आता ड्रायव्हर अशी अखंड धार सुरू होताच डुलकीस मनाई करतो आणि ती संपताच मनाई उठवतो.

ह्याच्या उलट एक उदाहरणही सांगितले पाहिजे. २०१३ साली इंटेलच्या आठव्या मालिकेच्या पहिल्या चिपसंचांत असा दोष निघाला की संगणक झोपवून पुन्हा जागा केल्यावर काही यूएसबी ३.० साधने दिसेनाशी होत. साधन तुटून पुन्हा जोडले गेल्यास ड्रायव्हर त्याची नव्याने ओळख करून घेऊ शकतो, पण मधल्या काळात त्याच्यावर उघडून ठेवलेल्या कागदाचे काय? शेवटी कंपनीने चिपची पुढली आवृत्ती काढली, तेव्हाच तो प्रश्न मिटला. आज्ञावलीच्या सांभाळून घेण्याला मर्यादा आहे.

आपल्या मंडळाचाच अनुभव येथे सांगणे प्राप्त आहे, कारण त्यात आपणा सर्वांचे काही गुंतलेले होते. एकोजीराजांच्या काळापासून ह्या मुलखात स्थिरावलेली घराणी आणि बदलीच्या निमित्ताने आलेले आम्ही, अशा दोघांनी मिळून महोत्सवानिमित्त घरोघरच्या मोडी कागदांची छायाचित्रे संगणकावर साठवण्याचे काम हाती घेतले, हे आपण जाणता. जमीन, लग्नसंबंध, देवस्थानचे मान, काशीयात्रेचा खर्च असे ते कागद. पुष्कळ घरांत ते वाचणारे कोणी उरलेले नाही, आणि वाळवी कोणाची वाट पाहात नाही. मंडळाच्या संगणकावरून बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रती करताना ती डिस्क अर्ध्या वाटेत नाहीशी होई. डिस्क बदलली, तार बदलली, तेच. एका सभासदाने तर कागद बाहेर काढल्याबद्दल घरातल्या कोणा पूर्वजाचा कोप झाला असावा असे सुचवून पाहिले. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या एका तरुण कार्यकर्त्याने कार्यप्रणालीची रोजनिशी उघडून पाहिली. यंत्र आपल्या चुकांची अशी रोजनिशी ठेवते हे पुष्कळांना ठाऊकच नसते. तीत स्वच्छ लिहिले होते की डिस्क नव्हे, कंट्रोलरच उत्तर देईनासा झाला आहे. त्याने डिस्क निळ्या खाचेतून काढून मागच्या काळ्या खाचेत लावली. ती खाच वेगळ्या, जुन्या कंट्रोलरची. वेग कागदोपत्री दशांशावर आला, पण काम रात्रभर न अडता चालले. पुढे लिनक्सची नवी आवृत्ती घातली, तिच्यात त्या कंट्रोलरच्या खोडीची नोंद झालेली होती. तेव्हापासून निळी खाचही शहाण्यासारखी वागते. कंपनीचे नाव मी घेत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मुलाने आग्रहाने केली, तिचे मला विशेष कौतुक वाटले. खाच बदलण्यापूर्वी झालेल्या सर्व प्रती त्याने मुळाशी ताडून पाहिल्या. प्रत्येक चित्रापासून गणिताने एक लहानशी खूणसंख्या काढता येते; मूळ आणि प्रत ह्यांची ती संख्या जुळली तर प्रत अस्सल. काही प्रती जुळल्या नाहीत. वरून पाहता चित्र ठीक, उघडता तळची पाच-सहा ओळींची पट्टी करडी. त्या पट्टीत एखाद्या घराण्याची साक्षीदारांची नावे असतात.

आता ह्या साऱ्याविषयी माझे मत. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांतच एक पक्ष असा आहे की असे सांभाळून घेणे ही निर्मात्याच्या हलगर्जीपणाला दिलेली सवलत होय. चिप बनवणाऱ्याने ग्रंथ नीट वाचावयाचा नाही, आणि निस्तरावयाचे कोणी दुसऱ्याने. शिवाय अपवादांनी आज्ञावली जडावते. ज्या चिपा आज कोणाच्या घरी नाहीत त्यांचेही अपवाद तीत राहतात, कारण काढावयाचे धाडस कोणी करीत नाही. हे सारे खरे आहे. सेवानियमांच्या पुस्तकात मूळ नियम चार ओळींचा आणि खाली ‘परंतु’, ‘तथापि’, ‘वरील नियमात काहीही असले तरी’ अशांची दीड पाने असतात. त्यातील काही ‘परंतु’ कोणासाठी घातले होते हे सांगणारा माणूस केव्हाच निवृत्त झालेला असतो.

तरीदेखील माझा कौल सांभाळून घेण्याच्या बाजूने आहे. संगणक विकत घेणाऱ्याने चिप निवडलेली नसते, तिचे नावही त्याला ठाऊक नसते. तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले. ते ज्या मुलांच्या हाती पडले त्यांना कंट्रोलर बदलून घेण्याची सोय कोठे होती? निर्मात्याला धडा शिकवण्यासाठी त्या मुलाचे यंत्र बंद ठेवणे हा न्याय नव्हे. परंतु सांभाळून घेणे आणि झाकून ठेवणे ह्यांत मी फरक करतो. डिस्क नाहीशी होते तेव्हा माणूस निदान जागा होतो. करडी पट्टी निमूटपणे साठवली जाते तेव्हा पन्नास वर्षांनी नातू फाइल उघडतो आणि साक्षीदार सापडत नाहीत. म्हणून अपवाद करताना तो कोणासाठी, कोणत्या दोषाकरिता, हे शेजारी लिहून ठेवलेच पाहिजे, आणि यंत्राच्या रोजनिशीत त्याची वर्दी गेलीच पाहिजे. ह्या बाबतीत मुक्त आज्ञावलीचा मला ओढा आहे, कारण तिची टिपणी सर्वांना वाचता येते. बंद कार्यप्रणालींतही असे अपवाद असतातच. ते आपल्याला दिसत नाहीत एवढेच. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने चेन्नई येथे घडवलेली आणि २००७ साली प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणालीदेखील लिनक्सवरच उभी आहे, आणि तीत मराठीची सोय आहे.

एक गंमतीची बाब राहिली. पुष्कळ साधने प्रमाणग्रंथाशी नव्हे तर केवळ विंडोजशी ताडून बाजारात आणली जातात. जोडल्याबरोबर विंडोज ज्या क्रमाने प्रश्न विचारते त्याच क्रमाने विचारले तर ती उत्तरे देतात. ग्रंथाला धरून पण वेगळ्या क्रमाने विचारले तर गोंधळून गप्प बसतात. तेव्हा लिनक्सला ग्रंथाबरोबर विंडोजचे वळणही गिरवावे लागले. शास्त्रापेक्षा रूढी बलवत्तर, हे यंत्रांनाही चुकले नाही.

घरी असा प्रसंग आला तर काय करावे, असे मला सभेपूर्वी दोघांनी विचारले. आधी खाच बदलावी, निळ्यातून काळ्यात; मग तार; मग दुसऱ्या संगणकावर तेच साधन. तीनही ठिकाणी बिघडले तर साधन दोषी, एकाच ठिकाणी बिघडले तर ते ठिकाण दोषी. कार्यप्रणाली अद्ययावत ठेवावी, कारण खोडींची यादी तिच्याबरोबर येते. महत्त्वाच्या कागदांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कांवर असाव्यात आणि त्या ताडून पाहिलेल्या असाव्यात. ताडण्याची पद्धत आपला तो तरुण कार्यकर्ता दर रविवारी मंडळाच्या कार्यालयात शिकवील.

आणि नवी खोड सापडली तर ती कळवावी. साधनाचे ते दोन क्रमांक, कार्यप्रणालीची आवृत्ती आणि रोजनिशीतील मजकूर, एवढे पाठवले की पुरते. इंग्रजी अलंकारिक असण्याची गरज नाही. लिनक्समध्ये साठवणुकीच्या यूएसबी साधनांच्या खोडींची एक स्वतंत्र फाइल आहे. तीत पुष्कळशा नोंदींच्या डोक्यावर ती खोड प्रथम कोणी कळवली त्या व्यक्तीचे नाव लिहिलेले आहे.